शिकाऱ्याची कोंबडी आणि दुधीचा घाटा

लांगरी हे काही सावळारामाचं आडनाव नव्हे. पलटणीत जवानांचा स्वयंपाक करतो त्याला लांगरी म्हणतात. सावळाराम दिघाशीहून पलटणीत गेला तो भांडी घासायला आणि परत आला तो लांगरी होऊन. दुसरं महायुद्ध संपून तीस वर्षं होत आली, चौऱ्याहत्तर साल उजाडलं, तरी भिवंडीत त्याला लोक याच नावानं हाक मारत. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत त्याची खानावळ होती. चार बाकं, दोन चुली आणि मागं राहायची एक खोली. शिफ्ट सुटली की अंगावर कापसाचे तंतू घेऊन कामगार आत शिरायचे आणि "चाचा, थोडी दाल और" म्हणून गलका करायचे. चपात्या-भाकऱ्या त्याची बायको काशी करायची. पण डाळ, कालवण, मटण सगळं सावळारामाच्या हातचं. चुलीवरच्या पातेल्यात त्यानं काशीला कधी डाव बुडवू दिला नव्हता. त्याचं म्हणणं असं की एका पातेल्यावर एकच हात चालतो, ही पलटणीची शिस्त आहे.

वर्षातून एकदा, आषाढात, खानावळ एक संध्याकाळ बंद राहायची. त्या दिवशी पडघ्याहून नवशा यायचा. नवशा त्याच्याच पलटणीतला, आता एका गोडाऊनवर वॉचमन. दोघं इटलीत एकत्र होते. तिथल्या थंडीत एकदा त्यांचा ट्रक डोंगरात बंद पडला आणि दोन दिवस ते एका म्हाताऱ्या शेतकरणीच्या घरी अडकले. रोझा तिचं नाव. तिच्या घरात खायला फार काही उरलं नव्हतं, तरी तिनं शेवटची कोंबडी कापली. सावळाराम लांगरी असल्यामुळे चुलीजवळ जाऊन बसला आणि तिनं काय केलं ते डोळ्यांनी टिपत गेला; उठला तो मधे एकदा लाकडं आणायला, तेवढाच. कोंबडीचे तुकडे पिठात घोळवले, तेलात तळले, कांदा, टोमॅटो, रानातली अळंबी, कसलासा वासाचा पाला, वरून आंबट दारूचा शिडकावा. खाली मक्याचं पीठ शिजवून घोटलेला घट्ट, पिवळाधमक घाटा. तिथं त्या कोंबडीला म्हणे शिकाऱ्याची कोंबडी म्हणतात. तिची भाषा यांना येत नव्हती आणि यांची तिला, पण बोटांनी दाखवत, हसत ती कोंबडी शिजली. पुढे लढाईत त्यांच्या तुकडीतली बरीच माणसं गेली. हे दोघे वाचले. म्हणून ती कोंबडी दर वर्षी व्हायचीच.

आषाढच का, तर गणेशपुरीकडच्या डोंगरातली अळंबी तेव्हाच मिळते. दारूऐवजी सावळाराम कोकमाचं आगळ घालायचा. त्या वासाच्या पाल्याशी त्याची गाठ इथंच पडली: पानओवा. खानावळीच्या दाराशी तेलाच्या डब्यात त्याचं झुडूप होतं. पान चुरडलं की सावळाराम डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हाच तो."

त्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात काशीनं त्याला सांगितलं, "अवो, मागच्या मोरीत मुंग्या होतायत."

"मग रॉकेल टाक."

"टाकलं. पुन्हा आल्या. मी गेल्यावर न्हाय येत, तुमी गेल्यावरच येतात."

सावळारामानं हसून सोडून दिलं. पण काशीनं सोडलं नाही. त्याची तहान वाढली होती, रात्री तो तीनदा उठत होता आणि पायाच्या अंगठ्याला पातेल्याच्या काठानं झालेली जखम महिना झाला तरी भरत नव्हती. या सगळ्याची तिनं मनाशी एक मोट बांधली आणि एका सकाळी त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांच्या कंपाउंडरनं, अनंतानं, काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता भाजलेल्या विटेसारखं लाल झालं.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "भरपूर आहे. भात, साखर, गूळ, बटाटा, मका, मैदा, केळं, सगळं बंद. भाकरी अर्धी. रोज गोळी घ्यायची. पायाला जपा सावळाराम, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

काशीनं विचारलं, "मग खायाचं काय डाक्टर?"

"भाजीपाला, अंडी, मासे, कोंबडी चालेल."

"आन् कुठल्या जेवनानं किती साखर वाढली ते कसं कळायचं?"

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. बाहेर पेशंटांची रांग होती. "अनंता, यांना नळी दाखव," एवढं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले.

अनंतानं दाखवलं. पाच रंग. निळा म्हणजे साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. किती औषध, किती थेंब, किती वेळ उकळायचं. काशीला अक्षर येत नव्हतं, पण तिनं ते त्याच्याकडून तीनदा करून घेतलं आणि चौथ्यांदा स्वतः केलं. घरी येताना तिच्या पिशवीत एक नळी, एक लाकडी चिमटा, स्पिरिटचा छोटा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली होती.

घरी आल्यावर सावळाराम बाकावर बसला तो उठेनाच. रोज दीडशे माणसांना जेवू घालणारा माणूस, आणि त्याच्याच ताटात अर्धी भाकरी. दुसऱ्या दिवसापासून तो चुलीवर उभा राहायचा, पण पातेल्याची चव घ्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी डाळ खारट झाली. कामगारांनी मुकाट्यानं खाल्ली, आणि ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"नवशाला पत्र टाकायला सांग कोनाला तरी," तो म्हणाला. "यंदा येऊ नको म्हनावं."

"का?"

"मका बंद, बटाटा बंद, मैदा बंद. कोंबडीला काय राहिलं? पाण्यात उकडून खाऊ?"

"आषाढाला महिना हाय अजून," काशी म्हणाली. "तुमी आधी मला ती बाटली भरून द्या."

हे बाटलीचं प्रकरण सावळारामाला भारी जड गेलं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं बायकोच्या हातात लघवीची बाटली द्यायची म्हणजे काय? तो चिडला, ओरडला. काशी शांतपणे म्हणाली, "पलटणीत सायबानं मागितली असती तर सलाम ठोकून दिली असती ना?" त्यानं बाटली उचलली.

पहिले दहा दिवस काहीही खाल्लं तरी रंग विटकरीच. मग गोळी लागू पडली, रंग उतरत उतरत एका सकाळी नळी निळीच राहिली. काशीनं ती खिडकीतल्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली. "आता खरी परीक्षा करता येईल," ती म्हणाली.

"म्हंजे इतके दिवस काय केलंस?"

"इतके दिवस अंगात आधीचीच साखर होती. तिच्यात नवी कुठली, जुनी कुठली, कसं कळायचं? आता पाटी कोरी झाली."

ही गोष्ट सावळारामाच्या डोक्यात आली नव्हती.

मग रोज एक पदार्थ. जेवणाआधी ती त्याला मोरीत पाठवायची. "मोकळे होऊन या, न्हायतर सकाळची साखर दुपारच्या नावावर लागंल." जेवण झाल्यावर दोन तासांनी नळी. पलीकडच्या लूमवरून खाली पडलेल्या रंगीत सुताचा गुंडा तिनं मागून आणला होता. खोलीच्या भिंतीवर तिनं खिळ्यांची ओळ ठोकली. भात खाल्ला त्या दिवशी एका खिळ्याला भाताची लोंबी लटकवली आणि तिला विटकरी सूत बांधलं. मक्याच्या कणसाला नारिंगी. बटाट्याच्या वाळक्या सालीला नारिंगी. अंड्याच्या कवचाला निळं. दुधीच्या देठाला निळं. कोंबडीच्या पिसाला निळं.

नाचणीवरून त्यांचं वाजलं. सगळी दुनिया म्हणते नाचणी चांगली, सावळारामही म्हणाला. काशीनं नाचणीची दीड भाकरी घातली आणि दोन तासांनी नळी त्याच्यापुढे धरली. पिवळी.

"नाचनी बाधत न्हाय," तो म्हणाला.

"दुनियेला बाधत नसंल. तुमचं अंग काय म्हनतंय ते बघा. उद्या अर्धी देते." दुसऱ्या दिवशी अर्ध्या भाकरीला हिरवा आला. तिनं नाचणीच्या कणसाला दोन सुतं बांधली, मोठ्या गाठीचं पिवळं आणि छोट्या गाठीचं हिरवं.

आतापर्यंत सावळारामाला वाटत होतं की बायको आपली काळजी करते आहे. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, हे निराळंच काहीतरी आहे. पलटणीत त्यानं नकाशे मांडून बसलेले साहेब पाहिले होते. भिंतीसमोर उभी असलेली काशी त्याला तशी दिसली. इतकी वर्षं ही बाई आपल्या पाठीमागं भाकऱ्या थापत होती आणि आपण कधी वळून बघितलं नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं.

आषाढ लागला. एका सकाळी डोंगरातली सखी पाटी घेऊन दाराशी आली. सखी दर वर्षी सावळारामासाठी अळंबी राखून ठेवायची. पळसाच्या पानात बांधलेली, मातीचा वास येणारी, अजून न उमललेली.

"लांगरीबाबा, किती देऊ?"

"यंदा नको सखी."

"सगळी दे," आतून काशी म्हणाली.

त्या दुपारी कामगार जेवून गेल्यावर काशी चुलीशी आली आणि म्हणाली, "मला सांगा, इटलीतली ती बाय कोंबडी कशी करायची. एकेक. काही सोडू नका."

"तू करनार?"

"तुमच्या जिभेवर ती चव हाय, माझ्या भिंतीवर तुमची साखर हाय. दोघांनी मिळून केल्याबिगर व्हायची न्हाय."

सावळारामानं सांगायला सुरुवात केली आणि काशी मधेमधे अडवू लागली. पीठ कशाला? रस्सा दाट व्हावा म्हणून. गुळाचा खडा कशाला? टोमॅटो आंबट लागतो म्हणून. बटाटा कशाला? तो रोझाचा नव्हता, नवशाला आवडतो म्हणून आपणच घातला होता. "मग तो गेला," काशी म्हणाली. प्रत्येक जिन्नस कशासाठी आहे ते तिनं काढून घेतलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नव्हता. त्यानं फक्त हात लक्षात ठेवले होते.

पहिला प्रयत्न साफ फसला. काशीनं घाट्यासाठी दुधी किसून शिजवला, त्याला पाणी सुटलं आणि कोंबडीचे तुकडे त्यात डबक्यातल्या दगडांसारखे बसले. रस्सा पातळ, आंबट. सावळारामानं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"हे जेवन न्हाय, औषध हाय," तो म्हणाला. "नवशाला मी हे वाढनार न्हाय. त्या बायनं घरातली शेवटची कोंबडी कापली होती. तिचं नाव घेऊन हे वाढू?"

तो उठून बाहेर गेला. गल्लीच्या तोंडापर्यंत लंगडत गेला, चहाच्या टपरीवर बसला आणि बिनसाखरेचा चहा मागितला, तो त्याच्यानं पिववेना. तासाभरानं राग उतरला. आपण काय बोललो ते त्याला आठवलं. महिनाभर बाटल्या धुणाऱ्या बाईला आपण हे बोललो.

तो परत आला तेव्हा काशी रडत वगैरे नव्हती. ती पाटावर बसून कच्चा दुधी किसत होती आणि तिच्या मांडीवर लूमवरचं पातळ मलमलचं फडकं होतं. किस त्यात घालून तिनं फडक्याला पीळ दिला. हिरवट पाण्याची धार पातेल्यात पडली.

"इतकं पानी होतं," ती वर न बघता म्हणाली. "चूक दुधीची न्हाय, माझी. आधी पिळायला पायजे होता."

सावळाराम तिच्या शेजारी खाली बसला. "दे इकडं," तो म्हणाला आणि फडक्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पीळ दिला तेव्हा किस अगदी कोरडा झाला.

मग काशीनं तो किस तुपावर परतला, हळद घातली, दोन अंडी फोडून त्यात घोटली. मंद आचेवर ती डाव फिरवत राहिली आणि पातेल्यात हळूहळू पिवळा, मऊ, भांड्याची कड सोडणारा घाटा जमला. सावळारामाच्या तोंडून निघालं, "अगं, हा तर त्या बायच्या मक्यासारखाच दिसतोय!"

रस्सा दाट कशानं करायचा हे राहिलंच होतं. काशी म्हणाली, "कोंबडीची कलेजी तुमी टाकून देता का?"

"नवशा खातो तळून."

"यंदा न्हाय मिळायची त्याला." तिनं कलेजी परतून पाट्यावर वाटली, तिच्याबरोबर अळंबीचे देठही वाटले. टोमॅटोच्या बिया काढून टाकल्या, गर कांद्याबरोबर इतका शिजवला की त्याचा आंबटपणा आपोआप खाली बसला. गूळ लागलाच नाही. आगळ मात्र तिनं निम्म्यावर आणलं. सावळारामानं पानओव्याची पानं तोडून आणली आणि तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "हे तुमीच टाका. कधी टाकायचं ते माझ्या नाकाला न्हाय कळत."

त्यानं पानं चुरडून टाकली, झाकण ठेवलं आणि चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

नवशा ठरल्या दिवशी आला, एसटीतून उतरून, छत्री झटकत. आल्या आल्या मित्राचा पाय बघून आणि साखरेचं ऐकून तो गंभीर झाला. "सावळ्या, मला बोलावलंस कशाला? तुला खाता येत न्हाय आन् मी एकटा काय खाऊ?"

"बस तू," सावळाराम म्हणाला.

दिवेलागणीला ताटं मांडली. पिवळा घाटा, त्यावर कोंबडी, तपकिरी दाट रस्सा, अळंबीचे काप, बाजूला काकडीची कोशिंबीर. भात नाही, भाकरी नाही. दोघांच्या ताटात तेच आणि तेवढंच. नवशानं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग खाली बघून ताट संपवलं.

शेवटी नवशानं बोट चाटलं आणि म्हणाला, "सावळ्या, दर वर्षी तू करतोस ती चांगलीच असते. पन रोझाच्या रश्शात एक काहीतरी कडवट, जाड होतं. ते तुझ्यात कधी नव्हतं. आज हाय."

सावळाराम दचकला. कलेजी. म्हातारीनं कोंबडीचं काहीच टाकलं नसणार. घरात दुसरं काही नव्हतंच तिच्या. तो लाकडं आणायला बाहेर गेला होता तेव्हाच तिनं ती वाटून घातली असेल. तीस वर्षं त्यानं ज्या चवीचा पाठलाग केला ती काशीनं रोझाला न बघता, फक्त 'हे कशासाठी' असं विचारत विचारत गाठली होती.

"हात माझा न्हाय," तो म्हणाला. "काशीनं केलंय सगळं. मी फक्त पाला टाकला."

"वहिनींनी?" नवशानं चुलीकडे बघितलं. काशी पदराला हात पुसत उभी होती. नवशा ताटावरून उठला, हात धुतले आणि जुन्या सवयीनं टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला. काशी लाजली आणि "बसा हो भावजी" म्हणत आत पळाली.

दोन तासांनी मात्र ती नळी घेऊन बाहेर आलीच. नवशासमोर! पण सावळारामानं या वेळी कुरकुर केली नाही. तिघं स्पिरिटच्या दिव्याभोवती बसले. निळं पाणी उकळलं, बुडबुडे आले, आणि काशीनं नळी उजेडात धरली. किंचित हिरवट झाक. बस्स.

"कांदा," काशी म्हणाली. "कांदा जास्त झाला. पुढच्या येळी एकच घालू."

सावळाराम मोठ्यानं हसला. महिन्याभरात तो पहिल्यांदाच असा हसत होता. "अगं बये, मेजवानी झाली, सलाम झाला, आन् तू कांद्यावर अडलीस?"

दिवाळीपर्यंत अंगठ्याची जखम भरून आली. डॉक्टरांनी ती दाबून बघितली, मग तपासणीचा कागद बघितला आणि विचारलं, "खाता तरी काय काय?" सावळारामानं काशीकडे बोट दाखवलं. काशीनं पिशवीतून एक दोरी काढली. भिंतीवरचे सगळे देठ, कणसं, सालं तिनं त्यावर ओवून आणली होती, प्रत्येकाला आपापल्या रंगाचं सूत. तिनं ती टेबलावर पसरली आणि एकेक सांगत गेली. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. रांगेतली माणसं खोळंबली होती, पण ते मधेच थांबवून विचारत होते, "नाचणी अर्धी म्हणजे केवढी? हातानं दाखवा."

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी डॉक्टर काशीला बोलावू लागले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत साखरेचे पेशंट आणि त्यांच्या घरच्या बायका जमायच्या. लूमवाल्यांच्या घरच्या, बाजारातल्या, वज्रेश्वरीकडून एसटीनं येणाऱ्या. सावळाराम काशीला सोडायला यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. खिडकीतून तिचा आवाज ऐकू यायचा.

"धोंडूबाई, भात खावा की न्हाय ते मला नका विचारू. तुमच्या मालकांच्या नळीला विचारा. आन् एका दिवशी एकच नवी गोष्ट, दोन न्हाय. दोन खाल्ल्या तर चोर कोन ते कसं पकडाल?"

आतून बायकांचं हसू यायचं. एक मुसलमान बाई हिंदीत काहीतरी विचारायची, आणि काशी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिला दुधी कसा पिळायचा ते समजावायची, "पहले पानी निकालो बहेन, पूरा पानी."

बाकावर शेजारी बसलेल्या माणसानं एकदा सावळारामाला विचारलं, "आत बोलतात त्या नर्सबाई आहेत का हो?"

"न्हाय," सावळाराम म्हणाला. "त्या आमच्या घरच्या." आणि थोडं सरकून त्यानं त्या माणसाला खिडकीजवळची जागा करून दिली, म्हणजे त्यालाही नीट ऐकू यावं.